आवाज गेला नव्हता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला चार शब्द बोलावयास सांगितले आहे. भाषणाची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आपण माझे बोलणे पापड लाटता लाटता ऐकलेले आहे, ते आज उभे राहून ऐकावयाचे एवढाच फरक. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

मघाशी कार्यक्रमाच्या आरंभी आपण जात्यावरच्या ओव्या ऐकल्या. तो आवाज माझ्या सासूबाईंचा. आपल्या पैकी पुष्कळ जणींनी तो ओळखला, काहींनी पदर डोळ्याला लावला. पण हा आवाज तुमच्या कानांपर्यंत येण्यास दोन महिने लागले, आणि मध्ये एकदा तो कायमचा पुसला जाण्याची वेळ आली होती. ती हकीकत सांगावी, आणि तिच्यातून मला जे शिकता आले ते तुमच्याही उपयोगी पडावे, म्हणून मी उभी आहे.

आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु पहाटे जात्याला हात लागला की ओवी आपोआप येई. पहिली ओवी तुळजाभवानीला, दुसरी तेरच्या गोरोबाकाकांना, मग आईबापाला, मग भावाला, मग लेकरांना. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. गावात पिठाची गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले, तरी हळद दळायला, लग्नाचे मुहूर्त करायला त्यांनाच बोलावणे असे. सन २०१२ साली माझ्या पुतण्याने नवा मोबाइल घेतला होता, बटणांचा, साधा. त्याने गंमत म्हणून जाते मांडायला लावले आणि दोन दिवस संध्याकाळी आत्याबाईंच्या ओव्या मोबाइलमध्ये भरून घेतल्या. आत्याबाई म्हणाल्या, "आरं, ह्या डबीत माझा आवाज मावंल का?" आम्ही हसलो. सन २०१५ मध्ये त्या गेल्या. मोबाइल बिघडला. त्यातले नखाएवढे मेमरी कार्ड मी काढून कुंकवाच्या करंड्यात ठेवले, ते यंदापर्यंत तिथेच होते.

यंदा मंडळाने ठरविले की वर्धापनदिनी नेहमीच्या स्वागतगीताऐवजी आपल्याच गावच्या ओव्या लावाव्यात. मला कार्डाची आठवण झाली. मंडळाकडे संगणक आहेच. कार्ड जोडले, तर आत अकरा फाइली दिसल्या. माझ्या छातीत धडधडू लागले. पहिली फाइल उघडली, तर संगणकाने इंग्रजीत एक ओळ दाखविली आणि गप्प बसला. दुसरी तशीच. अकराच्या अकरा मुक्या.

मी कार्ड घेऊन तालुक्याला एका दुकानात गेले. तिथल्या माणसाने अर्धा मिनिट पाहिले व म्हणाला, "काकू, फाइली खराब झाल्यात. कार्ड फॉरमॅट करून देतो, निदान कार्ड तरी वापरता येईल." फॉरमॅट म्हणजे काय हे मी विचारले. तो म्हणाला, सगळे पुसून कोरे करायचे. मी कार्ड त्याच्या हातातून मागून घेतले. मला संगणकातले काही कळत नव्हते. पण घरात एखादा डबा उघडत नाही म्हणून आपण तो उकिरड्यावर टाकत नाही, एवढे कळत होते.

आपल्या कोषाध्यक्ष काकूंची नात तंत्रनिकेतनात शिकते. ती सुट्टीला आली तेव्हा आम्ही दोघी बसलो. ती मला म्हणाली, "काकी, मी करून देणार नाही. मी सांगते, तुम्ही करा." त्या पोरीचे हे उपकार मी विसरणार नाही. तिने सांगितलेले मी वहीत लिहून घेतले. तेच आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट. आवाज येत नाही म्हणजे दोष फाइलीचाच, असे धरू नये. आधी संगणकाला मुळात आवाज आहे का ते पाहावे. त्यासाठी जी फाइल नक्की वाजते असे आपल्याला ठाऊक आहे, ती लावून पाहावी. आम्ही सिनेमाचे एक गाणे लावले. खोलीत चिडीचूप. पडद्यावर गाणे पुढे सरकते आहे, आवाज मात्र नाही. उजव्या कोपऱ्यात खाली कर्ण्याचे चित्र असते, त्यावर फुली असेल तर आवाज बंद आहे असे समजावे. फुली नव्हती. आवाजाची पट्टी वर केली, तरी काही नाही. इतक्यात भिंतीपलीकडच्या मारुतीच्या देवळातून पुजारीबुवा धावत आले. "बायांनो, शनिवारचा दिवस, देवळात हे कसलं गाणं लावलंय?" भजनी मंडळाचा बिनतारी स्पीकर देवळात चालू राहिला होता, आणि मागे कधीतरी तो आपल्या संगणकाला जोडलेला असल्यामुळे सगळा आवाज तिकडे जात होता! तेव्हा कर्ण्याच्या चित्रावर टिचकी मारून आवाज कोणत्या यंत्राकडे चालला आहे हेही पाहावे. कानात घालावयाची तार खोचलेली राहिली तरी असेच होते.

सिनेमाचे गाणे आता खोलीत वाजू लागले. ओव्या मात्र मुक्याच. म्हणजे दोष संगणकाच्या गळ्यात नव्हता, हे निश्चित झाले.

दुसरी गोष्ट, आणि ही खरे तर सर्वांत आधी करावयाची. मूळ कार्डावर कोणताही प्रयोग करू नये. आधी सगळ्या फाइलींची नक्कल संगणकात करून घ्यावी, कार्ड बाजूला ठेवावे, आणि जे काही करावयाचे ते नकलेवर करावे. बियाणे वेगळे राखून आपण खायचे धान्य वापरतो, तसेच हे आहे. मी त्याप्रमाणे नक्कल केली. पण घाई केली. नक्कल होत आहे असे दाखविणारी हिरवी पट्टी संपण्याआधीच मी कार्ड ओढून काढले. त्या चुकीचे पुढे काय झाले ते येईलच.

तिसरी गोष्ट म्हणजे फाइलीची जात ओळखणे. फाइलीच्या नावाच्या शेवटी एक टिंब आणि त्यापुढे तीन-चार अक्षरे असतात. ती पुष्कळदा लपलेली असतात. फोल्डर उघडून वर व्ह्यू या यादीत फाइल नेम एक्स्टेन्शन्स असे लिहिलेले असते, त्यावर खूण केली की दिसू लागतात. सिनेमाच्या गाण्याच्या शेवटी एमपी-थ्री होते. आमच्या ओव्यांच्या शेवटी मात्र ए-एम-आर होते.

हा ए-एम-आर काय प्रकार आहे? पोरीने सांगितले ते असे. आवाज संगणकात साठवावयाचा म्हणजे दर सेकंदाला त्याची हजारो वेळा मोजणी करून आकडे लिहून ठेवावयाचे. गाण्याच्या सीडीत एका सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी असते, म्हणून एका मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा लागते. ही जागा वाचविण्यासाठी, कानाला सहसा जाणवत नाही तेवढा भाग गाळून, आकडे आवळून बांधण्याच्या रीती निघाल्या. एमपी-थ्री ही जर्मनीत घडलेली रीत. ते नाव १९९५ पासूनचे. तीत तेच एक मिनिट साधारण एका एमबीत बसते. ए-एम-आर ही रीत मोबाइलवरच्या बोलण्यासाठी काढलेली. तीत सेकंदाला फक्त ८,००० वेळा मोजणी, आणि एक मिनिट शंभर केबीच्या आत बसते. जुन्या मोबाइलमध्ये जागा थोडी असे, म्हणून ते आवाज या रीतीने भरून घेत. बांधणीची रीत ज्याला ठाऊक, त्यालाच गाठोडे सोडता येते. आपल्या संगणकातल्या नेहमीच्या वादक प्रोग्रॅमला ए-एम-आरची गाठ सोडता येत नव्हती, एवढेच. फाइली बिघडल्या नव्हत्या. त्यांची भाषा त्याला येत नव्हती.

इथे एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. मला वाटले, शेवटची अक्षरे खोडून एमपी-थ्री असे लिहिले की काम झाले. तसे केले. पोरगी हसली व म्हणाली, "काकी, हळदीच्या डब्यावर तिखटाची चिठ्ठी लावली तर आत तिखट होतं का?" नाव बदलल्याने आतली वस्तू बदलत नाही. मी नाव पूर्ववत केले.

मग तिने व्ही-एल-सी नावाचा प्रोग्रॅम घेण्यास सांगितले. त्याच्या चित्रात रस्त्यावर ठेवतात तसा नारिंगी-पांढरा शंकू असतो. पॅरिसच्या एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हे काम आरंभिले, आणि २००१ पासून ते सर्वांना मोकळे आहे. पैसे पडत नाहीत. पुष्कळशा रीतींची गाठोडी त्याला सोडता येतात. मात्र तो व्हिडिओलॅन या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. भलत्या ठिकाणी "हे घ्या, ते घ्या" अशा चकचकीत पाट्या असतात, त्यांवर बोट ठेवू नये. संगणकात रोग शिरण्याची ती वाट आहे.

व्ही-एल-सी बसविला. पहिली फाइल त्यात उघडली. आधी घरघर ऐकू आली. मला वाटले, बिघाड आहे. मग कळले, ते जाते होते. आणि त्या घरघरीवर आत्याबाईंचा आवाज आला. दहा वर्षांनी. मैत्रिणींनो, मी त्या खुर्चीवर बसून राहिले. पोरीने पाणी आणून दिले.

सात फाइली अशा वाजल्या. आवाज थोडा दबलेला आहे, कारण ही रीतच बोलण्याची, गाण्याची नव्हे. पण शब्द न् शब्द कळतो.

आठव्या फाइलीला शेवटची अक्षरेच नव्हती. पुतण्याने कधीतरी तिचे नाव बदलून "आजी" असे केले होते, त्यात टिंब आणि पुढची अक्षरे गळून पडली. शेवटी टिंब व ए-एम-आर जोडले, आणि ती वाजली. इथे नाव लिहून कसे भागले, असे कोणी विचारील. मघाची चिठ्ठी खोटी होती, ही खरी. हळदीच्या डब्याची पडलेली हळदीची चिठ्ठी परत लावली, एवढाच फरक.

नववी फाइल वाजली, पण साडेसहा मिनिटांनी ओवीच्या मध्येच तुटली. तेव्हा पोरीने चौथी गोष्ट शिकविली : फाइलीचे वजन पाहणे. फाइलीवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज् म्हटले की वजन दिसते. संगणकातली नक्कल ०.६ एमबी होती. कार्ड जोडून मूळ फाइल पाहिली, तर १.४ एमबी. मी घाईने कार्ड ओढले होते त्याचे हे फळ! नक्कल अर्धीच उतरली होती. मूळ कार्ड मी दुकानात पुसू दिले असते, तर उरलेली अर्धी ओवी या जगात कुठेच राहिली नसती. पुन्हा नक्कल केली, पट्टी संपेपर्यंत हात बांधून बसले, दोन्हीकडचे वजन जुळल्यावर कार्ड रीतसर बंद करून काढले.

त्या दुसऱ्या अर्ध्या भागात काय होते, ते सांगते.

माझे माहेर लोहारा तालुक्यातले. मी सातवी पास होऊन आठवीत गेले होते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. रात्री गणपती बोळवून गाव झोपले होते. चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे दगड-मातीच्या ढिगाऱ्यांत गेली, हजारो माणसे गेली. आमच्या घरातली तीन माणसे गेली. माझी शाळा तिथेच संपली. सन १९९९ मध्ये मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा पंचमीला न्यायला येणारा माझ्याकडे कोणी नव्हता. मी या गोष्टी सासरी बोलले नाही. आत्याबाईंनीही कधी विचारले नाही. मला वाटे, त्यांना त्याचे काही नाही.

त्या फाइलीत त्यांनी भावाच्या ओव्या गायिल्या, आणि त्या संपल्यावर चार ओव्या माझ्या माहेरावर गायिल्या. माझ्या सुनेचे माहेर भुईने गिळले, आता मीच तिची आई आणि तिचा भाऊ, अशा अर्थाच्या. त्या कोणाकडून ऐकलेल्या नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या होत्या. सोळा वर्षे मी त्यांच्या हाताखाली नांदले, आणि हे मला त्या गेल्यावर दहा वर्षांनी एका संगणकाने सांगितले. त्या ओव्या मी आज कार्यक्रमात लावल्या नाहीत. त्या माझ्याजवळ राहू द्या.

आता उरल्या दोन फाइली. त्यांचे वजन शून्य होते. शून्य केबी. पोरगी म्हणाली, "काकी, ही नुसती नावे आहेत. आत काही लिहिलेच गेले नाही." पुतण्याला विचारले, तेव्हा आठवले. त्या दिवसांत भारनियमन फार असे. भरून घेता घेता मोबाइलची बॅटरी संपली होती. आवाज जतन होण्याआधीच तो बंद पडला. शून्यावर इलाज नाही, हेही शिकण्यासारखे आहे. उगीच पैसे घालवू नयेत.

परंतु शून्यावर इलाज संगणकात नसला, तरी तो आपल्या गल्लीत होता. आत्याबाईंचा क्रम मला माहीत होता. नऊ फाइली ओळीने ऐकल्यावर ध्यानात आले की गोरोबाकाकांच्या आणि आईबापाच्या ओव्या तेवढ्या नाहीत. मी वरच्या गल्लीतल्या आक्कांकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे. त्या आत्याबाईंबरोबर एका जात्यावर दळलेल्या. आक्का म्हणाल्या, "तिचा अन् माझा खुंटा एकच हुता की गं." त्यांनी एका बैठकीत बावीस ओव्या सांगितल्या. आम्ही त्या नव्या मोबाइलमध्ये भरून घेतल्या, त्याच संध्याकाळी संगणकात उतरविल्या, आणि वहीतही लिहिल्या. आत्याबाईंच्या आवाजातल्या दोन फाइली मात्र गेल्या त्या गेल्या.

भगिनींनो, हे काम आपणच पहिल्यांदा करीत आहोत असे नाही. सानेगुरुजींनी "स्त्रीजीवन" पुस्तकात बायकांच्या ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा खेडोपाडीचे हे धन छापून ठेवले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी तर महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९९० नंतरच्या दशकात गावोगाव जाऊन त्यांतल्या कितीतरी जात्यासकट ध्वनिमुद्रित केल्या. ते मुद्रण नीट जपले, म्हणून आज पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पारी या संकेतस्थळावर त्या बायांचे आवाज कोणालाही ऐकता येतात. गाणाऱ्या बाया कोण? तुमच्या-माझ्यासारख्या. तेव्हा आपल्या करंड्यातले कार्ड ही क्षुल्लक वस्तू नव्हे.

शेवटी, घरी जाऊन करावयाच्या चार गोष्टी सांगते.

जुना मोबाइल भंगारात वा मोडीत देण्याआधी त्यातले कार्ड काढा, आणि मोबाइलच्या पोटातले आवाजही उतरवून घ्या. पुष्कळांचे आवाज पोटातच राहतात.

व्हॉट्सॲपवर आलेला आवाजी निरोप संगणकात वाजला नाही, तर घाबरू नका. त्याची रीत बहुधा ओपस नावाची असते. तोही व्ही-एल-सीत उघडतो.

सगळीकडे वाजावी अशी फाइल हवी असल्यास व्ही-एल-सीमध्ये मीडिया या यादीत कन्व्हर्ट-सेव्ह असे आहे, तिथून एमपी-थ्री करून घ्या. ही चिठ्ठी बदलणे नव्हे, गाठोडे सोडून नव्या रीतीने बांधणे आहे. पण मूळ फाइल टाकू नका. नव्या बांधणीने आवाज सुधारत नाही, झाला तर थोडा उणाच होतो.

आणि एकाच ठिकाणी ठेवू नका. ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत : एक मंडळाच्या संगणकात, एक माझ्या घरी पेनड्राइव्हवर, आणि एक पुतण्याकडे पुण्याला. एक घर जळाले वा पडले तरी दुसऱ्या ठिकाणी राहील. घर पडते म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

मंडळाने ठरविले आहे की दर गुरुवारी दुपारी संगणक सर्वांसाठी उघडा राहील. ज्यांच्या घरी न वाजणारा आवाज असेल त्यांनी घेऊन यावे. मी आणि आणखी दोघी तिथे असू. आम्हांला सगळे येते असे नाही, पण कोणाचे कार्ड कोरे करू देणार नाही, एवढा शब्द देते. आणि ज्यांच्या घरात आक्कांसारखी माणसे आहेत त्यांनी पंचमीपर्यंत थांबू नये. बॅटरी भरून घ्यावी, आणि आजच संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसावे.